ओमाहातले काका आणि जुलाबाची चार कारणं

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, ओमाहा शहरात, मी ज्या क्लिनिकात फॅमिली डॉक्टर म्हणून काम करते ते डायरेक्ट प्रायमरी केअर पद्धतीचं आहे. विमा कंपनीला बिल लावायचं नाही. सभासदाने दरमहा वर्गणी भरायची आणि त्यात भेटी, फोन, मेसेज, इसीजी, टाके घालणं असं सगळं आलं. प्रौढ माणसाला महिन्याला ८५ डॉलर पडतात. रक्ततपासण्या आणि नेहमीची औषधं घाऊक दराने मिळतात. विम्यावर चालणाऱ्या क्लिनिकात एका डॉक्टरच्या नावावर दोन-अडीच हजार रुग्ण असणं इथे नवलाचं नाही. आमच्यासारख्या ठिकाणी सहाशेच्या आसपास असतात, म्हणून पहिल्या भेटीला तासभर देता येतो. एवढंच आमचं भांडवल. स्कॅन, शस्त्रक्रिया, कर्करोगाची औषधं यांतलं काहीही वर्गणीत बसत नाही. हा करार म्हणजे विमा नव्हे, हे नेब्रास्काच्या २०१६ च्या कायद्यानुसार सभासदाला लेखी सांगावं लागतं.

मग दुर्मीळ कर्करोगाच्या रुग्णाला अशा क्लिनिकाचा उपयोग काय? हा प्रश्न विचारणाऱ्याला बहुतेक वेळा निदानाची गोष्ट ऐकायची असते: कुणालाच कळलं नाही आणि एका डॉक्टरने ओळखलं, अशी. इथे ज्या काकांविषयी सांगते त्यांच्या प्रकरणात तशी गोष्ट आहेही. पण माझं खरं काम निदानानंतर सुरू झालं, आणि ते बहुतांशी संडासाविषयी होतं.

(ओळख पटू नये म्हणून एकाहून अधिक रुग्णांच्या हकिकती इथे एका माणसाच्या नावावर घातल्या आहेत.)

तीन वर्षं बिघडलेलं पोट

काका मूळचे सांगलीकडचे. वय ६१, मालवाहू रेल्वेच्या वेळापत्रकाच्या सॉफ्टवेअरवर काम करणारे. नोव्हेंबर २०२२ मध्ये ते आणि काकू सभासद झाले. कारण साधं होतं: नोकरीतल्या विम्याचं डिडक्टिबल, म्हणजे विमा पैसे देऊ लागण्याआधी स्वतः भरायची रक्कम, इतकं मोठं की डॉक्टरकडे गेलं तरी पैसे खिशातूनच जायचे. त्यापेक्षा वर्गणी परवडली.

तक्रार तीन वर्षांची. दिवसातून पाच-सहा वेळा पातळ शौचाला, वजन हळूहळू उतरतंय. आधी तीन ठिकाणी दाखवून झालं होतं आणि आयबीएस, म्हणजे आतड्याच्या चंचलपणाचा शिक्का बसला होता. एकाने दूध बंद करायला सांगितलं, एकाने मधुमेहाच्या मेटफॉर्मिनवर खापर फोडलं, एकाने नोकरीतल्या ताणावर. यातलं काहीच अडाणीपणाचं नव्हतं. मेटफॉर्मिनने जुलाब होतातच, आणि पंधरा मिनिटांच्या भेटीत सगळ्यात संभाव्य कारण आधी धरायचं हा वैद्यकातला रास्त नियम आहे.

मी विचारलं, "रात्री उठावं लागतं का?"

"कधीतरी," काका म्हणाले.

"कधीतरी काय? रोज पहाटे तीनला बाथरूमचा दिवा लागतो. मी जागीच असते," काकू म्हणाल्या. "आणि ते तोंड तापायचं सांगा ना डॉक्टरांना."

आयबीएस सहसा माणसाला झोपेतून उठवत नाही. तोंड तापण्याचं काकांनी ब्लडप्रेशरच्या ॲम्लोडिपिनवर ढकललं होतं, आणि त्या गोळीने तसं होऊही शकतं. पुस्तकातल्या चित्रांत ही लक्षणं गोऱ्या चेहऱ्यावर लालभडक दिसतात. सावळ्या कातडीवर लाली शोधून सापडत नाही. काकूंचं वर्णन जास्त उपयोगी होतं: "गाल नि कपाळ काळपट होतं, हात लावला तर चटका बसेल असं. दोन मिनिटांत जातं. एखादा पेग घेतला किंवा चीज खाल्लं की हमखास."

जुलाब, चेहऱ्याची गरमी, रात्रीची जाग. हे तिन्ही एकत्र आले की कार्सिनॉइड सिंड्रोमचा विचार करावाच लागतो. लहान आतड्यातली न्यूरोएंडोक्राइन गाठ, म्हणजे संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींची गाठ, सेरोटोनिनसारखी द्रव्यं रक्तात सोडते. यकृत ती एरवी मोडून टाकतं, पण गाठीची पिल्लं यकृतातच पोचली की ती थेट पुढे जातात. म्हणजे लक्षणं दिसेपर्यंत रोग बहुतेक वेळा पसरलेला असतो. अमेरिकेत लाखामागे वर्षाला १५ पेक्षा कमी नवे रुग्ण सापडणारा कर्करोग दुर्मीळ धरतात. न्यूरोएंडोक्राइन गाठींचं हे प्रमाण १९७३ मध्ये १.०९ होतं, २०१२ मध्ये ६.९८ झालं, त्यातला बराच भाग चांगल्या तपासण्यांमुळे जास्त सापडण्याचा. एखाद्या फॅमिली डॉक्टरच्या अख्ख्या कारकिर्दीत असे एक-दोनच रुग्ण येतात.

पहिली तपासणी चोवीस तासांच्या लघवीतल्या ५-एचआयएए या, सेरोटोनिन मोडून बनणाऱ्या द्रव्याची. तपासणी स्वस्त आहे, पण पथ्य पाळलं नाही तर निकाल फसवतो. लॅबच्या छापील यादीत ॲव्होकाडो, अक्रोड, अननस, केळी, प्लम होते. ती यादी मराठी स्वयंपाकघरात लावून बघावी लागली: तीन दिवस शिकरण नाही, वांग्याचं भरीत नाही, टोमॅटोचं सार नाही, आमटीतही टोमॅटो नाही. काकूंनी विचारलं, "मग चिंच चालेल ना?" चालेल म्हटलं.

निकाल वरच्या मर्यादेच्या कित्येक पट आला. सीटी स्कॅनमध्ये आतड्याच्या पडद्यात चुना साठलेली, चारी बाजूंना दोरे ओढल्यासारखी दिसणारी गाठ आणि यकृतात लहान डाग. यकृतातल्या डागाची बायॉप्सी झाली: चांगली विभेदित, म्हणजे मूळ पेशींशी अजून साम्य राखलेली गाठ; केआय-६७, म्हणजे वाढत्या पेशींचं प्रमाण, चार टक्के, म्हणून दुसरी श्रेणी. हळू वाढणारी, पण वाढणारी.

घरात 'न्यूरोएंडोक्राइन' शब्द गेल्याबरोबर पुण्याहून फोन सुरू झाले. इरफान खान यांनी मार्च २०१८ मध्ये स्वतःच्या आजाराचं हेच नाव जाहीर केलं होतं आणि एप्रिल २०२० मध्ये ते गेले, हे सगळ्यांच्या लक्षात होतं. मला त्या आठवड्यात काकांच्या मुलीशी, भावाशी आणि एका मेहुण्याशी वेगवेगळं बोलावं लागलं. या एका नावाखाली काही महिन्यांत संपवणारे आजारही येतात आणि दहा-पंधरा वर्षं सोबत चालणारेही. श्रेणी कोणती, कुठून सुरू झाली, किती पसरली यावर सगळं ठरतं. विम्याच्या व्यवस्थेत या फोनचं बिल कुणाच्या नावावर लावायचं हाच प्रश्न पडला असता.

आयोवाची वाट

यानंतर माझी भूमिका पोस्टमनची होती, आणि ती मी कमी लेखत नाही. हवा होता डोटाटेट पेट स्कॅन. या गाठींच्या पृष्ठभागावर सोमॅटोस्टॅटिनचे ग्राहक असतात, त्यांना चिकटणारं किरणोत्सारी द्रव्य टोचून तो करतात. अमेरिकेत गॅलियमचा हा स्कॅन २०१६ पासून मान्य आहे. विमा कंपनीने पहिल्या फेरीत नाकारला: आधी साधा पेट करा म्हणे. हळू वाढणाऱ्या गाठी साध्या पेटमध्ये पुष्कळदा उमटतच नाहीत. कंपनीच्या डॉक्टरशी फोनवर बोलण्याची वेळ मागून घेतली, होल्डवर बरंच संगीत ऐकलं, आणि बायॉप्सीच्या अहवालातल्या दोन ओळी वाचून दाखवल्यावर मंजुरी मिळाली.

इथे एक अडचण सांगायलाच हवी. काकांचा विमा पीपीओ, म्हणजे कुठल्याही डॉक्टरची चिठ्ठी चालवून घेणाऱ्या प्रकारचा होता, म्हणून माझ्या चिठ्ठीवर पुढचं सगळं झालं. एचएमओ प्रकारच्या विम्यात बहुधा नेटवर्कमधल्याच, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेल्याच फॅमिली डॉक्टरचं रेफरल लागतं आणि आमच्यासारखे डॉक्टर नेटवर्कमध्ये नसतात. तशा रुग्णाला वर्गणी भरूनही दुसऱ्या डॉक्टरच्या दारात उभं राहावं लागतं. सभासद होण्याआधी हे विचारणारे लोक फार थोडे.

ओमाहातल्या कर्करोगतज्ज्ञांनी उपचार केले असतेच. पण हा आजार रोज बघणारी माणसं आयोवा सिटीत, विद्यापीठाच्या रुग्णालयात आहेत; तिथे न्यूरोएंडोक्राइन गाठींचं स्वतंत्र क्लिनिक आहे. आय-८० महामार्गाने जवळपास अडीचशे मैल. दुर्मीळ कर्करोगात फॅमिली डॉक्टरने स्वतः शहाणपणा करू नये, शहाणी माणसं कुठे बसतात ते शोधावं, असं माझं ठाम मत आहे. सभासदत्वाच्या क्लिनिकात उलटा धोका असतो: डॉक्टर भेटतो, फोन उचलतो, मराठीत बोलतो, म्हणून रुग्ण त्याच्यापाशीच थांबतो.

मार्च २०२३ मध्ये आयोवात शस्त्रक्रिया झाली. लहान आतड्याचा शेवटचा तुकडा, पडद्यातल्या गाठी आणि पित्ताशय काढलं. पित्ताशय चांगलं होतं, तरी काढलं, कारण पुढे जे इंजेक्शन वर्षानुवर्षं घ्यायचं त्याने पित्ताचे खडे होतात. भुलीखाली गाठीने एकदम द्रव्यं सोडली तर रक्तदाब कोसळू शकतो, म्हणून ती द्रव्यं रोखणाऱ्या ऑक्ट्रिओटाइडचं सलाइन चालू ठेवलं होतं. यकृतातले डाग राहिले. त्यांच्यासाठी दर चार आठवड्यांनी त्याच जातीच्या लॅनरिओटाइडचं इंजेक्शन, १२० मिलिग्रॅम, कुल्ल्यात खोल.

हे इंजेक्शन आमच्या क्लिनिकात देता येईल अशी काकांची समजूत होती. आलं नाही. औषध महाग, आणि त्यांच्या विम्याने ते इस्पितळाच्या इन्फ्यूजन सेंटरमध्येच मान्य केलं. टोचायला मला दोन मिनिटं लागली असती. त्यांना अर्धा दिवस लागायचा.

चार कारणं

सहाव्या आठवड्यात काकूंचा मेसेज आला: "जुलाब परत सुरू. आजार परत वाढला का?"

आयोवाची पुढची भेट दोन महिन्यांवर होती. तिथे फोन केला असता तर नर्सने, योग्यच, जुलाब रोखणारं लोपेरामाइड घ्यायला आणि वाढलं तर इमर्जन्सीत जायला सांगितलं असतं. मी त्यांना विचारलं, भांड्यात काय दिसतं? संकोच बाजूला ठेवून काकूंनी फोटोच पाठवला. तेलकट, फिकट, तरंगणारं, दोनदा फ्लश करूनही न जाणारं.

या आजारात आतडं कापल्यावर जुलाबाला निदान चार वेगळी कारणं असू शकतात. एक, गाठीचं सेरोटोनिन. हे पाण्यासारखं असतं आणि उपाशी पोटीही थांबत नाही. दोन, इंजेक्शनमुळे स्वादुपिंडाचा रस कमी पडणं. मग चरबी पचत नाही आणि जे दिसतं ते फोटोत होतं. तीन, लहान आतड्याचा शेवटचा भाग गेल्यामुळे पित्तक्षार परत शोषले न जाता मोठ्या आतड्यात उतरणं. हे जेवणानंतर घाईने येतं आणि जळजळतं. चार, औषधं, म्हणजे पुन्हा आपलं मेटफॉर्मिन. चारही एकाच माणसात एकाच वेळी असू शकतात, उपाय मात्र प्रत्येकाला वेगळा, आणि एकाचं औषध दुसऱ्याला निरुपयोगी.

आम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलायची असं ठरवलं. आधी मेटफॉर्मिन बंद केलं. पंधरा दिवस साखर रोज घरी मोजली, कारण लॅनरिओटाइडने साखर चढूही शकते, उतरूही शकते. फरक थोडा. मग शौचातल्या इलॅस्टेज या स्वादुपिंडाच्या एन्झाइमची तपासणी केली, कमी आलं. स्वादुपिंडाच्या एन्झाइमच्या कॅप्सूल सुरू केल्या. चार दिवसांत काकांचा मेसेज: "काही उपयोग नाही." कधी घेता विचारलं तर जेवण झाल्यावर, हात धुऊन, बाकीच्या गोळ्यांबरोबर. ही कॅप्सूल पहिल्या घासाबरोबर घ्यायची असते, जेवण लांबलं तर मध्ये आणखी एक. अन्न पुढे गेल्यावर एन्झाइम मागून धावून काय करणार? काकूंनी कॅप्सूलची डबी पानाच्या डावीकडे, मीठ-लिंबाच्या शेजारी ठेवायला सुरुवात केली. आठवड्यात तरंगणं थांबलं.

उरली ती जेवणानंतरची घाई. त्यावर पित्तक्षार बांधून ठेवणारी कोलेस्टिरामाइनची पूड. ती बाकीची औषधंही बांधून ठेवते, म्हणून दिवसाचं वेळापत्रक नव्याने आखावं लागलं: थायरॉइडची आणि रक्तदाबाची गोळी सकाळी उठल्याउठल्या, पूड त्यानंतर चार तासांनी. रेल्वेची वेळापत्रकं करणाऱ्या माणसाने हे एक्सेलमध्ये बसवून मला पाठवलं, रंगांसकट.

हे सगळं व्हायला अडीच महिने लागले. प्रत्यक्ष भेटी मोजक्याच, बाकी मेसेज आणि फोन. यातली एकही गोष्ट अवघड वैद्यक नाही. आयोवातल्या तज्ज्ञांना हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. पण ते काकांना तीन महिन्यांतून एकदा भेटतात आणि तेव्हा स्कॅन बघायचा असतो. वर्गणीने विकत घेतले जातात ते दोन भेटींमधले दिवस.

नायसिन, हृदय, दाताचा डॉक्टर

त्या उन्हाळ्यात काकांच्या हातांच्या पाठीवर आणि गळ्याभोवती काळे, खवलेदार चट्टे आले. बागकामाचं ऊन म्हणून त्यांनी सोडून दिलं होतं. शरीर ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून नायसिनही, म्हणजे बी-३ जीवनसत्त्वही बनवतं आणि सेरोटोनिनही. एरवी सेरोटोनिनकडे त्याचा जेमतेम एखादा टक्का जातो. कार्सिनॉइडमध्ये निम्म्याहून जास्त पळवला जाऊ शकतो. मग चांगलं जेवणाऱ्या माणसालाही पेलाग्रा, म्हणजे नायसिनच्या कमतरतेचा आजार होतो. दख्खनमध्ये ज्वारीवर जगणाऱ्या गरीब मजुरांत हा आजार दिसत असे आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत त्यावर मोठं काम झालं, हे मी मिरजेला शिकत असताना पाठ केलं होतं. ओमाहातल्या सुखवस्तू माणसात तो बघेन असं वाटलं नव्हतं. औषध साधं, पण नायसिन द्यायचं नाही, कारण त्यानेच चेहरा तापतो, निकोटिनामाइड द्यायचं. चट्टे महिन्याभरात उतरले. आतड्याचा तुकडा गेल्यामुळे बी-१२ चं इंजेक्शन दर महिन्याला, ते मात्र आमच्याकडे.

सेरोटोनिन हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपा जाड करतं. म्हणून दर सहा महिन्यांनी एनटी-प्रोबीएनपी ही हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी आणि वर्षातून एकदा इको असं ठरलं. आजवर दोन्ही ठीक आहेत. एकदा पाय सुजले म्हणून घबराट झाली. ती ॲम्लोडिपिनची सूज निघाली.

दाताच्या रूट कॅनॉलच्या वेळी दंतवैद्यासाठी अर्ध्या पानाची चिठ्ठी दिली: ॲड्रेनॅलिन मिसळलेली भूल टाळा, ऑक्ट्रिओटाइड रुग्णासोबत आहे, हे लक्षण दिसलं तर असं करा, माझा नंबर. तीच चिठ्ठी थोडी बदलून फ्रिजवर लावली आहे आणि काकांच्या पाकिटात आहे.

सांगलीत पाच आठवडे

डिसेंबर २०२४ मध्ये पुतण्याचं लग्न होतं. इंजेक्शन निघायच्या आदल्या दिवशी दिलं, परत आल्याच्या तिसऱ्या दिवशी पुढचं. सुमारे दीड आठवड्याचा उशीर आयोवाने चालवून घेतला. मधल्या काळासाठी कमी वेळ टिकणाऱ्या ऑक्ट्रिओटाइडच्या कुप्या थंड पिशवीत, सोबत डॉक्टरचं पत्र. लग्नाच्या पंगतीतही कॅप्सूलची डबी पानाशेजारी होती. जिलेबी-मठ्ठा जपूनच.

नातेवाइकांनी विचारलं, "इकडेच का नाही करत?" प्रश्न चुकीचा नव्हता. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे आणि न्यूरोएंडोक्राइन गाठींवर ल्युटेशियमचे, म्हणजे गाठीला चिकटून तिथेच मारा करणाऱ्या किरणोत्सारी औषधाचे उपचार तिथे बऱ्याच वर्षांपासून होतात, ल्युटेशियमही देशातच तयार होतं. अमेरिकेत हेच उपचार २०१८ च्या जानेवारीत मान्य झाले. काकांना त्याची गरज अजून नव्हती, एवढंच उत्तर होतं.

चार महिन्यांनी ती गरज पडली. एप्रिल २०२५ च्या स्कॅनमध्ये यकृतातले दोन डाग वाढलेले. आयोवाच्या बैठकीत ल्युटेशियम ठरलं: चार डोस, दर आठ आठवड्यांनी. ज्या चाचणीवर ही मान्यता मिळाली तिच्यात २० महिन्यांनंतर रोग न वाढलेले रुग्ण ६५.२ टक्के होते, फक्त ऑक्ट्रिओटाइड घेणाऱ्यांत १०.८ टक्के. काकांनी ही आकडेवारी माझ्याकडून दोनदा समजावून घेतली. मी गाठ नाहीशी होण्याचं आश्वासन दिलं नाही आणि त्यांनी मागितलंही नाही.

दोन डोसांमधल्या रक्ततपासण्या आमच्याकडे झाल्या, घाऊक दराने, आणि आकडे त्याच दिवशी आयोवाला गेले. दुसऱ्या डोसनंतर प्लेटलेट उतरल्या म्हणून तिसरा डोस थोडा पुढे गेला. प्रत्येक डोसनंतर काही दिवस वेगळ्या खोलीत झोपायचं, बसून लघवी करायची, दोनदा फ्लश करायचं, लहान मुलांना मांडीवर घ्यायचं नाही. मुलीचं बाळ सहा महिन्यांचं होतं. तिचं येणं त्या हिशेबाने आम्ही कॅलेंडरवर बसवलं.

पैशाचं

एका माणसाची वर्षाची वर्गणी १,०२० डॉलर. विम्याचा हप्ता वेगळा, तो चुकत नाही. ल्युटेशियमच्या एका डोसची किंमत या वर्गणीच्या कित्येक पट आहे. विम्याशिवाय केवळ आमचं सभासदत्व घेऊन बसलेल्या माणसाला हा आजार झाला असता तर मी त्याच्यासाठी फारसं काही करू शकले नसते. २०२५ अखेरपर्यंत आणखी एक गुंता होता: अशा क्लिनिकाचं सभासदत्व असलं की करसवलतीच्या आरोग्य बचत खात्यात पैसे टाकण्याचा हक्क धोक्यात यायचा. १ जानेवारी २०२६ पासून महिन्याला १५० डॉलरपर्यंतच्या, कुटुंबासाठी ३०० पर्यंतच्या वर्गणीला ही आडकाठी राहिली नाही, आणि वर्गणी त्याच खात्यातून भरता येते.

आणि मी सहाशे रुग्ण बघते म्हणजे उरलेले चौदाशे-एकोणीसशे दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याला जातात, या टीकेला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. शिवाय ही क्लिनिकं बंदही पडतात. सिॲटलची क्वायलान्स या क्षेत्रातली सुरुवातीची आणि मोठी संस्था, २०१७ मध्ये तिने दारं लावली. म्हणून काकांची फाइल मी सारांशासह दर सहा महिन्यांनी त्यांच्याच हातात छापून देते: श्रेणी, स्कॅनच्या तारखा, डोस, जुलाबाची कारणं आणि कशावर काय चाललं.

या वर्षअखेरीस काका ६५ पूर्ण करतील आणि मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी विमा, सुरू होईल. आमचं क्लिनिक मेडिकेअरमधून बाहेर पडलेलं आहे. माझी वर्गणी मेडिकेअर देणार नाही, तसा खाजगी करार करून त्यांना सही करावी लागेल. पण मी लिहिलेल्या तपासण्या आणि रेफरल मेडिकेअरला चालतील. काकांनी विचारलं की मेडिकेअर ॲडव्हांटेजचा, म्हणजे मेडिकेअरऐवजी खाजगी कंपनीमार्फत मिळणारा स्वस्त प्लॅन घेतला तर? मी त्यांना त्या प्लॅनच्या नेटवर्कमध्ये आयोवा आहे का ते आधी बघायला सांगितलं. त्यांनी पाहिलेल्या दोन्ही प्लॅनमध्ये ते नव्हतं. आता ते मूळ मेडिकेअर आणि पूरक विमा यांचा तक्ता करताहेत, रंगांसकट.